स्टेशनसमोरचा गाळा घेऊ की भाजीगल्लीतला?

पत्र, थोडक्यात: "नमस्कार दादा, आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो. मिस्टरांनी कंपनीतून व्हीआरएस घेतलीय, हातात १४ लाख आहेत, आणि मला घरगुती सामानाचं डिस्काउंट स्टोअर टाकायचंय, प्लास्टिक, स्टील, डबे, बादल्या, झाडू, क्लिपा, खेळणी, जास्तीत जास्त माल ९९ च्या आतला. तीन गाळे बघून झालेत. एक स्टेशनसमोर, १८० फूट, भाडं ८५,०००. दुसरा नवीन टॉवरखाली, एजंट ४०० फूट म्हणतो, भाडं ७०,००० आणि वर जीएसटी. तिसरा भाजीगल्लीत, जुन्या चाळीखाली, साधारण २५० फूट, भाडं ४८,०००, डिपॉझिट ३ लाख, पण ती पागडीची जागा आहे म्हणे. मिस्टर म्हणतात टॉवर घे, दीर म्हणतात स्टेशन. एजंट म्हणतो रविवारपर्यंत टोकन नाही दिलं तर स्टेशनचा गाळा जाईल. काय करू?"
– एक ताई, भांडुप

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी, रविवारी टोकन देऊ नका. गाळा गेला तर जाऊ दे. मी २३ वर्षं हाच प्लास्टिक-भांड्यांचा धंदा केलाय, आधी कुर्ल्याला मग मुलुंडला, आणि "उद्या जाईल, परवा जाईल" म्हणून घाईत घेतलेली जागाच मला सगळ्यात महाग पडलीय. ज्या गाळ्याला खरंच दहा गिऱ्हाइकं लागलेली असतात त्याचा एजंट तुम्हाला तीनतीनदा फोन करत नाही, त्याला वेळच नसतो.

आता तुमच्या तिन्ही गाळ्यांचं भाडं आपण महिन्यात न मोजता रोजच्या विक्रीत मोजू, कारण भाडं तिथूनच निघणार आहे. तुम्ही खरंच कमी भावात विकणार असाल तर सगळा माल धरून १०० रुपयांच्या विक्रीत तुमच्या हातात २० रुपये सुटतात असं धरा. काही वस्तूत जास्त सुटतील, क्लिपा, गाळण्या, खेळण्यात सुटतातच, पण बादली-टबात भाव पाडावाच लागतो, शिवाय तुटफूट आहे, चोरी आहे, दोन वर्षं पडून राहणारा माल आहे. म्हणजे ८५,००० भाडं काढायला महिन्याला ४,२५,००० ची विक्री पाहिजे, रोजची १४,००० च्या वर, आणि तुमच्याकडे सरासरी बिल १२० रुपयांचं झालं तर रोज ११८ बिलं. ही फक्त भाड्याची बिलं झाली, दुकानातल्या पोराचा पगार, लाईट, पिशव्या आणि तुमच्या घरचा खर्च यातून अजून एक पैसा निघालेला नाही. तोच हिशोब ४८,००० ला केला तर रोज ८,००० ची विक्री, ६७ बिलं. रोज ५१ बिलांचा फरक आहे हा, आणि पावसाळ्यातल्या मंगळवारी दुपारी ५१ बिलं म्हणजे काय ते दुकानात बसल्यावरच कळतं.

टॉवरवाल्याचं अजून एक आहे. ७०,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १२,६००, झाले ८२,६००. तुमची विक्री वर्षाला ४० लाखांच्या वर गेली की तुम्हाला जीएसटी नंबर घ्यावाच लागणार, आणि जाणार हो, रोजची १५,००० धरली तरी ५४ लाख होतात. बरेच छोटे दुकानदार मग कंपोझिशनमध्ये जातात, विक्रीवर १ टक्का भरला की विषय संपला, सोपं पडतं, पण कंपोझिशनवाल्याला भाड्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळत नाही. म्हणजे ते १२,६०० दर महिन्याला गेले ते गेलेच. आणि मालक जीएसटीत नसेल तरी सीएला विचारूनच सही करा, कारण ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम आलाय की मालक नोंदणीत नाही आणि भाडेकरू रेग्युलर जीएसटीत आहे तर दुकानाच्या भाड्यावरचा १८ टक्के भाडेकरूनेच भरायचा, नंतर क्रेडिट मिळतं पण आधी खिशातून जातात. कंपोझिशनवाल्यांना त्यातून पुढे सूट दिलीय. म्हणून कंपोझिशन की रेग्युलर हे गाळा घ्यायच्या आधी ठरवा.

डीमार्टचं उदाहरण सगळे देतात म्हणून सांगतो, त्यांचं पहिलं दुकान पवईत २००२ साली निघालं, तुमच्यापासून लांब नाही, आणि पहिल्यापासून त्यांचा कल जागा भाड्याने न घेता विकत घेऊन दुकान काढायचा आहे. स्वस्त विकणाऱ्याला भाडं किती जड जातं ते यात आलं. आपल्याला जागा विकत घेणं शक्य नाही, मग निदान भाडं तरी आपल्या विक्रीला झेपेल असं बघायचं.

आता जागेचं. तुमच्या दिरांचं म्हणणं मला कळतं, स्टेशनसमोर माणूसच माणूस दिसतो, पण तो माणूस कुठल्या वेळी, कुठल्या दिशेने आणि हातात काय घेऊन चाललाय ते बघा. सकाळी ७ ते १० चा माणूस पळत असतो, त्याला ८:१२ पकडायचीय, तो बादली घेऊन दादरला जाणार नाही. संध्याकाळचा माणूस आपला. पण स्टेशनला उतरल्या उतरल्या तो शेअर रिक्षाची लाइन बघतो, लाइन मोठी दिसली की पाय उचलतो, आणि एकदा लाइनीत उभा राहिला की तुमच्या दुकानात ५० टक्के सूट लावली तरी नंबर सोडून येणार नाही. स्टेशनच्या तोंडावर चालतं ते वडापाव, मोबाईल कव्हर, फळं, मेडिकल, जे दोन मिनिटांत घेऊन खिशात-पिशवीत टाकता येतं. आपला माल निवडून घ्यायचा माल आहे ना. झाकण बसतं का बघायचं असतं, डबा आपल्या फडताळात मावेल का ते वितीने मोजायचं असतं, बाई दहा मिनिटं घेते आणि घेऊ द्यावीत.

भाजीगल्लीत बघा काय होतं. मी मुलुंडला वर्षानुवर्षं हे रोज बघितलंय. संध्याकाळी सात-सव्वासातला बाई ऑफिसहून उतरून भाजी घेत येते, एका खांद्यावर पर्स, एका हातात भाजीची पिशवी, चाल मंदावलेली, कारण ती आता घरच्या वाटेला लागलीय आणि डोक्यात स्वयंपाक सुरू झालाय. दुकानाबाहेर चहाच्या गाळण्या टांगलेल्या दिसतात. ती भाजीची पिशवी खाली ठेवते, दोन पायांमध्ये, म्हणजे कलंडायला नको, एक गाळणी काढते, जाळी अंगठ्याने दाबून बघते, कड फिरवून बघते, परत टांगते, दुसरी काढते. तेवढ्यात तिला आत डबे दिसतात. ३० रुपयांची गाळणी घ्यायला थांबलेली बाई १४० चं बिल करून जाते आणि शुक्रवारी जाऊबाईंना घेऊन येते. आपला सगळा धंदा त्या खाली ठेवलेल्या पिशवीवर चालतो. जिथे बायका पिशवी खाली ठेवून उभ्या राहू शकत नाहीत, फुटपाथ नाही, मागून रिक्षा हॉर्न मारतायत, तिथे कितीही गर्दी असली तरी उपयोग नाही.

म्हणून मोजा. मनातल्या मनात "बरीच गर्दी असते" नको, वही घेऊन मोजा. तिन्ही ठिकाणी, एक मधला वार, एक शनिवार, एक रविवार सकाळ, आणि महिन्याच्या ५ तारखेच्या आसपास एकदा नि २५ च्या आसपास एकदा, कारण पगाराच्या आधीचा आठवडा वेगळाच असतो. संध्याकाळी साडेसहा ते नऊ. समोरच्या चहावाल्याकडे उभं राहायचं, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. एका पानावर किती बायका गेल्या, दुसऱ्यावर त्यातल्या किती जणी आजूबाजूच्या कुठल्याही दुकानाशी थांबल्या, तिसऱ्यावर किती जणींच्या हातात खरेदीची पिशवी होती. दुसरं पान सगळ्यात महत्त्वाचं. आणि रस्त्याच्या कुठल्या बाजूने लोक घरी जातात तेही लिहा, भाजीगल्ली अरुंद असली तरी लोकांची एक बाजू ठरलेली असते, उजव्या हाताला गाळा आणि लोक डाव्या हाताने जात असतील तर मधल्या भाजीच्या गाड्यांपलीकडे तुमचं दुकान दिसतसुद्धा नाही. हे काम एजंटला सांगून होत नाही, मिस्टर आता घरीच आहेत तर दोघं मिळून करा, त्यांनाही धंद्याचा अंदाज येईल.

चहावाल्यालाच विचारा, या गाळ्यात आधी कोण होतं, किती टिकलं, का गेलं. पाच वर्षांत चार बोर्ड बदललेत म्हणाला तर तिथेच वही मिटवा.

बाजूला प्लास्टिकचं अजून एखादं दुकान असेल तर मात्र घाबरू नका, उलट मला ते चांगलं वाटतं, बायकांना ठाऊक असतं की डबे घ्यायचे तर त्या गल्लीत. साबण-तेल आता लोक मोबाईलवरून दहा मिनिटांत मागवतात, त्या वाटेला तुम्ही जाऊच नका.

टॉवरबद्दल मिस्टरांना सांगा की जागा स्वच्छ आहे, नवीन आहे, मला मान्य आहे, पण दोन गोष्टी टेप घेऊन बघा. एक म्हणजे ४०० फूट कुठले? एजंट बिल्टअप, म्हणजे भिंती वगैरे धरून, सांगतो आणि भाडंही त्यावरच लावतो, आत भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं की कितीतरी कमी भरतं. टेप लावायला लाजू नका, मालकासमोर लावा, आणि तोच कार्पेटचा आकडा ॲग्रीमेंटमध्ये घाला. दुसरं म्हणजे समोरची रुंदी. आपल्या धंद्यात ८ फूट तोंडाचा लांबलचक गाळा आणि १२ फूट तोंडाचा आखूड गाळा, दोन्ही २०० फूट असले तरी मी डोळे मिटून १२ फूटवाला घेईन. टॉवरखालचे गाळे बऱ्याचदा रस्त्यापासून आत असतात, पुढे पार्किंग, मग तीन पायऱ्या, मग काच. काच दिसली की आपल्या गिऱ्हाइकाला वाटतं इथे महाग असणार, आणि भाजीची पिशवी घेऊन ती तीन पायऱ्या चढत नाही. तिथे सलून चालेल, दवाखाना चालेल, केकचं दुकान चालेल.

गल्लीतल्या गाळ्यात ओटा बघा. एजंट तोंडी सांगतो, "भाभी, बाहेर चार फूट ओटा तुमचाच." तो ओटा कुणाचाच नसतो. दुकानाच्या हद्दीबाहेर ठेवलेला माल अतिक्रमण धरला जातो, पालिकेची गाडी आली की सगळे शेजारी धावत माल आत घेतात, आणि तुम्ही नवीन, तुम्हाला कुणी आधी सांगणारही नाही. म्हणून विक्रीचा हिशोब ओट्याशिवाय करा. शटरच्या रेषेच्या आत, वरून खाली साखळीला माल टांगायची सोय करा. पोटमाळा असेल तर त्याची परवानगी आहे का ते विचारा, नसेल तर उद्या पालिकेची नोटीस आली की माळा तोडायचा खर्च कुणाचा यावर तुमची-मालकाची भांडणं होणार. आणि माळा तुम्हाला लागणारच, प्लास्टिक वजनाला हलकं पण जागा खाणारं, मस्जिद बंदरहून किंवा उल्हासनगरहून टेम्पो आला की शंभर फूट जागा एका फेऱ्यात भरते. तो टेम्पो गल्लीत किती वाजता शिरू शकतो तेही बघून ठेवा, भाजीच्या गाड्या लागल्यावर शिरणारच नाही, मग पहाटे माल उतरवायला माणूस पाहिजे.

पाणी. जून लागायच्या आत घेत असाल तर आणखीच जपून. शटरचा खालचा दीड-दोन फूट भाग बघा, गंजाची सरळ आडवी रेघ दिसली तर तिथपर्यंत पाणी येतं. शेजारच्या दुकानदाराने सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवलाय का किंवा पोती विटांवर ठेवलीत का ते बघा. आणि जुन्या माणसाला २६ जुलैबद्दल विचारा, २००५ ला पाणी कुठवर होतं ते मुंबईत प्रत्येक दुकानदार भिंतीला हात लावून दाखवतो, त्यात मग "त्यानंतर कधी आलं?" हा प्रश्न विचारायचा, तो खरा कामाचा.

अजून एक, रस्त्याचं भविष्य. मुंबईत एक पूल बंद झाला की माणसांचा लोंढा दुसरीकडून वाहायला लागतो. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ ला बंद केला, त्याची एक बाजू सुरू व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. सायनचा पूल ऑगस्ट २०२४ ला बंद केला. अशा ठिकाणी रस्त्यावरच्या दुकानदाराची काहीच चूक नसते आणि गल्ला मात्र बसतो. तुमच्याकडे एलबीएस रोडवर मेट्रो ४ चं काम किती वर्षं बघताय तुम्ही. म्हणून स्टेशनला नवीन जिना किंवा पूल होणार असेल तर तो कुठे उतरणार ते विचारा, आणि गाळ्याचा डीपी रिमार्क काढा, पालिकेच्या वेबसाइटवर मिळतो, २०३४ च्या विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेघ तुमच्या दुकानावरून जाते का ते त्यात कळतं.

आता तिसऱ्या गाळ्याच्या कागदांकडे येतो, कारण माझा कल तिकडेच आहे हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल, आणि म्हणूनच तिथली भीती नीट सांगायला पाहिजे.

२०१५ ला मी एक गाळा असाच घेतला होता. मस्त जागा, बाजारपेठेत. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणाले, "घरचंच आहे, अकरा महिन्यांचा कागद करू, रजिस्टर कशाला उगाच." मी ऐकलं. रॅक, माळा, लाईट, बोर्ड मिळून २,८०,००० घातले. नवव्या महिन्यात बिल्डिंगच्या दरवाजावर कागद चिकटला, स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत सी-१ निघाली, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा. रिकामी केली. पुनर्विकासात पुढे जी जागा मिळणार ती मूळ भाडेकरूला, माझं त्यात नावच नव्हतं. रॅक भंगारात गेले, आणि माझं २ लाखांचं डिपॉझिट मला चौदा महिन्यांत, दहा हजार-वीस हजार करत परत मिळालं, प्रत्येक वेळी मी दारात जाऊन उभा राहायचो. माझी बायको त्या वर्षी दिवाळीला काही बोलली नाही, ते मला अजून आठवतं.

तर पागडीच्या जागेत तुम्हाला गाळा देणारा माणूस मालक नसतो, तो भाडेकरू असतो, मालक वेगळा. मालकाच्या संमतीशिवाय भाडेकरूने जागा दुसऱ्याला दिली तर मालक त्यालाच बाहेर काढायला कोर्टात जाऊ शकतो आणि त्याच्या मागे तुम्ही. म्हणून शेवटची भाडेपावती बघा, कुणाच्या नावावर आहे ते बघा, आणि मालकाची लेखी संमती मागा, शक्यतो मालक संमती देणारा म्हणून ॲग्रीमेंटवर सही करेल असं बघा. "मालक काही बोलत नाही हो, इतकी वर्षं चाललंय" हे उत्तर आलं तर ते उत्तर नाही असं समजा. इमारत ३० वर्षांच्या वर असेल तर तिचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला हवं, रिपोर्टची झेरॉक्स मागा. पालिकेची काही नोटीस आलीय का ते पालिकेच्या तुमच्या भागातल्या एस वॉर्डच्या ऑफिसात जाऊन विचारा, अर्धा दिवस जाईल पण जाऊ दे. चाळीत पुनर्विकासाची मीटिंग झालीय का, बिल्डरची माणसं मोजमाप घेऊन गेलीत का, हे वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं की पाच मिनिटांत कळतं.

मग ॲग्रीमेंट. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार, करा आणि रजिस्टरच करा, अकरा महिन्यांचं असो की पाच वर्षांचं. आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ते लेखी आणि नोंदणी केलेलं असणं सक्तीचं आहे, आणि नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्यावर आहे. खर्च ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. ४८,००० भाडं, ३६ महिने, ३ लाख डिपॉझिट धरा. भाडं झालं १७,२८,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के मानीव व्याज तीन वर्षांचं ९०,०००, एकूण १८,१८,०००, त्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे ४,५४५, आणि मुंबईत नोंदणी फी १,०००. भाडं दरवर्षी वाढणार असेल तर थोडं वर जाईल. साडेपाच-सहा हजार वाचवायला मी २,८०,००० घालवले होते ताई. हा पाव टक्क्याचा दर ६० महिन्यांपर्यंतच्या ॲग्रीमेंटला आहे, म्हणून लोक पाच वर्षांच्या आतच ठेवतात.

मुदत किती घ्यायची? नवीन दुकान जमायला वर्ष-दीड वर्ष जातंच, त्यामुळे ११ महिन्यांवर तुम्ही रॅकमध्ये पैसे घालू नका. तीन वर्षं तरी घ्या, पाच मिळाली तर उत्तम. पण लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही ती अट, नीट वाचा. बहुतेक कागदात लॉक-इन दोघांना सारखं लिहिलेलं असतं किंवा फक्त तुम्हाला. तुम्ही मागायचं ते असं, की जागा देणारा पूर्ण मुदतीत तुम्हाला काढू शकत नाही, तुम्ही भाडं थकवलं तर गोष्ट वेगळी, आणि तुमच्यावरचं बंधन मात्र सहा महिन्यांचं, त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन तुम्ही निघू शकता. लगेच हो म्हणणार नाहीत, घासाघीस होऊन तुमचं बंधन वर्षावर ठरेल, ठरू दे. वाढ ५ टक्क्यांच्या वर मान्य करू नका. ४८,००० ला दरवर्षी ५ टक्के लावले तर पाचव्या वर्षी ५८,३४४ होतात, १० टक्के लावले तर ७०,२७७, म्हणजे टॉवरच्या भाड्याला तुम्ही गल्लीत बसणार. आणि ५ टक्क्यांनीसुद्धा दुसऱ्या वर्षी भाडं ५०,४०० होतं, ५०,००० ओलांडलं की भाड्यातून टीडीएस कापून भरावा लागतो, तुमच्यासारख्यांना २ टक्के, तेव्हा सीएला आजच सांगून ठेवा.

डिपॉझिट बँकेतूनच द्या, कॅश नको. परत कधी मिळणार ते "चावी देताना त्याच दिवशी" असंच लिहून घ्या, आणि उशीर झाला तर पैसे मिळेपर्यंत भाडं न देता जागा ताब्यात ठेवायचा हक्कही लिहून घ्या. इमारतीवर नोटीस आली, पुनर्विकास निघाला, तर दुकान रिकामं करायच्या आधी पूर्ण डिपॉझिट, हे वेगळं वाक्य पाहिजे. रॅक-बोर्ड लावायला एक महिना बिनभाड्याचा मागा, पंधरा दिवस तरी मिळतात. धंद्याच्या जागी फक्त "प्लास्टिक" लिहू नका, "घरगुती वस्तू, भांडी, खेळणी, सौंदर्यप्रसाधनं आणि इतर किरकोळ विक्री" असं मोकळं लिहा, उद्या राख्या, कंदील, रंग ठेवायचे असतात.

लाईटचा मीटर कमर्शियल आहे का आणि महावितरणची जुनी थकबाकी आहे का ते शेवटचं बिल बघून कळेल, मालमत्ता करही तसाच. टॉवरचाच विचार पुन्हा झाला तर मालकाकडून इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), ओसी (इमारतीचा वापर परवाना), सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि गाळ्यावर बँकेचं कर्ज आहे का एवढं विचारा. गुमास्ता (दुकानाची नोंदणी), मराठी पाटी (मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत) आणि आग विझवायचा सिलिंडर ही कामं ॲग्रीमेंट झाल्यावर आठवड्यात होतात, त्याची आत्ता काळजी नको.

पैशांचं एकच सांगतो. १४ लाखांतले ३ डिपॉझिट, एक महिन्याचं भाडं एजंटची दलाली, अडीच-तीनात रॅक-लाईट-बोर्ड, पाचाचा माल, आणि उरलेले अडीच-तीन बँकेत वेगळे ठेवा, त्याला हात नाही, ते पाच-सहा महिन्यांचं भाडं आहे. स्टेशनच्या गाळ्याला ८५,००० भाडं, तिथे डिपॉझिटही तसंच तगडं मागतील, मग मालाला पैसे उरणार नाहीत, आणि अर्ध्या रिकाम्या रॅकचं डिस्काउंट स्टोअर बघून बाई आत येत नाही. मे महिन्याअखेर उघडता आलं तर बघा, जूनला शाळा सुरू होतात, डबे-बाटल्या-रेनकोट-छत्र्या पहिल्याच आठवड्यात हलतात आणि माल फिरला की तुम्हालाही हुरूप येतो.

तर माझं मत, गाळा तिसरा, पण मालकाची लेखी संमती आणि इमारतीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय एक रुपया नाही. संमती मिळत नसेल तर त्याच गल्लीत, त्याच बाजूला, पंधरा-वीस पावलं पुढे-मागे दुसरा गाळा शोधा, भाजीवाल्यांनाच विचारा, कुणाचं दुकान बंद होतंय ते त्यांना एजंटच्या आधी कळतं. ४८ चे ५५ झाले तरी कागद स्वच्छ असेल तर घ्या.

एजंटला आज फोन करून एवढंच बोला, "आम्ही पंधरा दिवस बघणार आहोत, तोवर गेला तर गेला." मग मंगळवारी संध्याकाळी वही घेऊन भाजीगल्लीत उभ्या राहा, आणि त्या दुसऱ्या पानावरचा आकडा, किती बायका थांबल्या तो, मला कळवा. अडीच तासांत दीडशेच्या वर असेल तर संमतीपत्रात काय लिहून घ्यायचं त्याचा मसुदा मी तुम्हाला पाठवतो.